फ्लॉट्सम की जेट्सम? (आणि नॉट, अंडरवे वगैरे)

प्रश्न : फ्लॉट्सम आणि जेट्सम यात फरक काय? मला दोन्ही म्हणजे समुद्रातून वाहत आलेलं सामानच वाटायचं.

उत्तर : लोक हे शब्द जोडीनेच वापरतात, मराठीत अडगळ-बिडगळ म्हणतो तसे, म्हणून घोळ होतो. पण मुळात हे कायद्यातले शब्द आहेत. जहाज फुटलं आणि माल आपोआप तरंगत राहिला तर फ्लॉट्सम, आणि वादळात जहाज हलकं करायला खलाशांनी मुद्दाम फेकला तर जेट्सम. म्हणजे पडलेलं आणि टाकलेलं. तिसरा लॅगन, बुडालेला पण नंतर वर काढता यावा म्हणून बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) बांधून ठेवलेला माल, आणि परत मिळायची आशाच सोडून दिली की डेरेलिक्ट. ब्रिटनमध्ये आजही हे चारही 'रेक'मध्ये (wreck, म्हणजे जहाजाचे अवशेष किंवा त्यातून आलेला माल) मोडतात, सापडलं तर 28 दिवसांच्या आत रिसीव्हर ऑफ रेकला, म्हणजे असा माल बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवावं लागतं, ज्याला सापडलं त्याचं असा हिशोब तिथे नाही.

प्रश्न : आणि नॉट म्हणजे नॉटिकल माइलच ना?

उत्तर : नाही हो! नॉटिकल माइल हे अंतर, 1852 मीटर, आणि नॉट हा वेग, तासाला एक नॉटिकल माइल. म्हणून 'ताशी 20 नॉट' म्हटलं की तास दोनदा येतो, बातम्यांत सुद्धा सर्रास दिसतं आणि माझं डोकं उठतं. नॉट म्हणजे खरीखुरी गाठ बरं का, गाठी मारलेला दोर मागे पाण्यात सोडायचे आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे.

अंडरवेचं तर अजूनच गमतीशीर आहे. आपल्याला वाटतं जहाज चालतंय, पण समुद्री नियमांत अंडरवे म्हणजे फक्त नांगर टाकलेला नाही, किनाऱ्याला बांधलेलं नाही आणि गाळात रुतलेलंही नाही, बस. इंजिन बंद करून नुसतं हेलकावे खात असलं तरी ते अंडरवेच, पाणी कापत पुढे जायला लागलं की मग मेकिंग वे.

लार्बोर्ड कुठे वाचलात तर ते जुनं पोर्ट, म्हणजे डावी बाजू. आरडाओरड्यात ते स्टारबोर्डसारखंच (म्हणजे उजव्या बाजूसारखं) ऐकू यायचं, मग सुकाणू भलतीकडे, त्यामुळे 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने लार्बोर्ड काढूनच टाकला.