मदतनिसाच्या खात्यातून बिले व्हावीत, पण रुग्णांच्या नोंदी दिसू नयेत, हे कसे साधावे?

दोघांचा_दवाखाना: दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मदतनिसाचे स्वतंत्र खाते उघडून आठवडा झाला. तिला अपॉइंटमेंट देता येतात, मात्र काही रुग्णांचे बिल करताना ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. वैतागून मी तिला ‘व्यवस्थापक’ ही भूमिका दिली, तेव्हा बिले झाली, पण तपासणीच्या सगळ्या नोंदीही तिला उघडता येऊ लागल्या. रुग्ण आमच्यापाशी विश्वासाने जे बोलतात, ते बिल करणाऱ्या व्यक्तीने वाचावे हे मला मान्य नाही. कृपया लवकर मार्ग सुचवावा.

जुना_सभासद: ‘काही रुग्ण’ म्हणजे नेमके कोणते? दवाखान्यात डॉक्टर किती आहेत, आणि व्यवस्थापक करण्यापूर्वी तिची भूमिका कोणती होती, हेही लिहावे.

सरळ_मार्ग: माझा मदतनीस माझ्याच लॉगिनने काम करतो. कित्येक वर्षांत काही बिघडले नाही आणि जादा खात्याचे पैसेही वाचतात. आपणही तसेच करावे.

नोंदनिष्ठ: या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. एकच लॉगिन दोघांनी वापरले, तर एखादी पावती रद्द केली किंवा नोंद बदलली, तरी सॉफ्टवेअरच्या इतिहासात डॉक्टरांचेच नाव उमटते, आणि उद्या वाद झाल्यास निर्दोष मदतनिसालाही स्वतःची बाजू सिद्ध करता येत नाही. शिवाय प्रश्न नोंदी झाकण्याचा आहे. आपल्या उपायाने त्या पूर्णच उघड्या पडतात.

सरळ_मार्ग: माणसावर विश्वास नसेल, तर त्याला कामावर ठेवूच नये.

सुरक्षित_प्रत: रोज रात्री सर्व माहितीची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवत चला. आमचा संगणक बंद पडला, तेव्हा त्याच प्रतीने आम्हाला वाचवले.

दोघांचा_दवाखाना: प्रतीचा प्रश्न नाही. आम्ही दोन डॉक्टर आहोत. आता तपासले असता, अडणारी सर्व बिले माझ्या सहकाऱ्याच्या रुग्णांची निघाली. पूर्वीची भूमिका ‘मदतनीस’ हीच होती.

जुना_सभासद: मग दोष बहुधा भूमिकेत नाही. अशा सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा दोन गोष्टी वेगळ्या ठरवाव्या लागतात: खात्याला काय करता येईल, आणि ते कोणाच्या रुग्णांसाठी करता येईल. तिचे खाते सध्या फक्त आपल्या नावाशी जोडलेले असणार. भूमिका पुन्हा ‘मदतनीस’ करा, खात्याला सहकाऱ्याचे नाव जोडा आणि तिला एकदा लॉगआउट करायला सांगा, कारण चालू असलेल्या लॉगिनमध्ये कधी कधी जुनीच परवानगी राहते. सवलत देणे, पावती रद्द करणे आणि रुग्णांची पूर्ण यादी उतरवून घेणे या परवानग्या बहुधा स्वतंत्र असतात. त्या तूर्त बंदच ठेवाव्यात.

दोघांचा_दवाखाना: जमले, मनापासून आभार. दोघांच्याही रुग्णांची बिले होत आहेत आणि नोंदी बंद आहेत. मात्र अपॉइंटमेंटच्या शेऱ्यात आम्ही आजाराचे कारण लिहितो, ते अजूनही तिला दिसते.

नोंदनिष्ठ: तो शेरा वेळापत्रकाचा भाग आहे, त्यामुळे वेळापत्रक पाहणाऱ्या प्रत्येकाला तो दिसणार. तेथे केवळ ‘पहिली भेट’ किंवा ‘फेरतपासणी’ एवढेच लिहावे आणि कारण तपासणीच्या नोंदीत घ्यावे. बिलावरील सेवेच्या नावातूनही आजार उघड होत नाही ना, हेही एकदा पाहून घ्यावे.