अतारांकित प्रश्नाच्या लेखी उत्तराला किंमत किती?

देवगडची सून: आमच्या वाडीसमोरचा धूपप्रतिबंधक बंधारा गेल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी खचला, तेव्हापासून कार्यालयात ‘काम मंजूर आहे’ एवढेच ऐकायला मिळत होते. अखेर आमदारांनी विधानसभेत अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला फक्त लेखी उत्तर मिळते असा प्रश्न, टाकला. छापील उत्तरात ‘बंधारा खचला, हे खरे आहे काय’ याखाली ‘हे अंशतः खरे आहे’ असे नेहमीचे वाक्य होते. मात्र प्रश्नाच्या तिसऱ्या भागाखाली प्रशासकीय मान्यता मिळूनही निविदा निघालेली नाही, हे स्पष्ट नोंदले होते. तो कागद आम्ही ग्रामसभेत वाचला. मंत्र्याने सभागृहाला जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाची (सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग केल्याची) सूचना येऊ शकते, त्यामुळे कार्यालयातल्या तोंडी आश्वासनापेक्षा त्या कागदाचे वजन मला जास्त वाटते.

खाडीकाठचा: ताई, बंधारा अजून खचलेलाच आहे ना? लेखी उत्तरावर उपप्रश्न, म्हणजे उत्तर ऐकून लगेच पुढचा प्रश्न, विचारता येत नाही, आणि मंत्र्याची खरी परीक्षा उपप्रश्नातच होते. १९५७ मध्ये मुंधडा प्रकरणाची (आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीची) सुरुवात लोकसभेतल्या प्रश्नापासूनच झाली, पण खासदार फिरोज गांधींनी सभागृहात पाठपुरावा केला म्हणून चौकशीसाठी छागला आयोग नेमला गेला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने प्रश्नोत्तराचा तास वगळून लेखी उत्तरे चालू ठेवली, तेव्हा विरोधकांनी आक्षेप घेतला तो याच कारणासाठी. नाथ पै आणि मधू दंडवते यांच्यासारखे सभागृह गाजवणारे खासदार निवडून देणाऱ्या कोकणाने कागदावर समाधान मानावे, हे मला पटत नाही.

देवगडची सून: समाधान मी मानलेले नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न लागतात आणि तासाभरात तेही सगळे पुकारले जात नाहीत. अतारांकित मात्र २३० पर्यंत असतात. तारांकित प्रश्नांच्या सोडतीत चिठ्ठी निघेल या आशेवर एका वाडीचा बंधारा किती अधिवेशने थांबणार? शिवाय ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आले तर ते आश्वासन ठरते, आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते.

पेणकर: दोघांचेही म्हणणे ऐकले, पण दोष बरेचदा प्रश्नाच्या मसुद्यातच असतो. ‘महामार्गाचे काम रखडले, हे खरे आहे काय’ असे विचारले की ‘अंशतः खरे’ म्हणून सुटका होते, आणि पहिल्याच भागाला ‘नाही’ म्हटले की पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर तयार असते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. तिथे ठेकेदाराला किती वेळा आणि कोणत्या तारखेपर्यंत मुदतवाढ दिली, विलंबापोटी किती दंड वसूल केला, एवढेच विचारावे. आणि राष्ट्रीय महामार्ग हा केंद्राचा विषय असल्याने तो प्रश्न आमदारांकडे न देता खासदारांकडे द्यावा, नाहीतर ‘ही बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीत आहे’ या एका ओळीत अधिवेशन वाया जाते.