सोफा आणि पडदे दोन्ही छापाचे: गिचमिड होईल का? (बजेट १२ हजार)

मृण्मयी_कोथरूड:
हॉलमध्ये आजेसासऱ्यांच्या वेळचा सागवानी सोफा आहे, तीन सीटचा एक आणि दोन खुर्च्या, गाद्या सुट्या. खाली जुन्या नक्षीच्या फरश्या, त्या काढायच्या नाहीत. गाद्यांना अजरख (कच्छचं ठशांनी छापलेलं कापड) आणि पडद्यांना बगरूचं दाबू (राजस्थानातलं, चिखलाचा लेप लावून छापतात ते) असं डोक्यात आहे. दोन खिडक्या, प्रत्येकी पाच फूट रुंद, पडदे सात फुटी. शिलाई धरून बारा हजार. दिवाळीआधी व्हायला हवं.

गोगलगाय:
आम्ही एल शेप घेतला, रिक्लायनरसकट पावणेदोन लाख. पाठदुखी गेली. जुनं लाकूड किती दिवस सांभाळणार?

मृण्मयी_कोथरूड:
बारा *हजार* हो.

खत्रूड:
बाजारात अजरख म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं स्क्रीन प्रिंट. हाताच्या ठशाचं असेल तर जोडावर छाप कुठेतरी केसभर सरकलेला दिसतोच. २००१च्या भूकंपानंतर कच्छमध्ये अजरखपूर वसलं, मी तिथे जाऊन आणलंय. नीळ आणि मंजिष्ठेचा रंग एकदा बघितला की दुकानातलं आवडत नाही.

सुईदोरा:
आणलंत, पण त्यावर रोज बसता का? ठशाचं सुती कापड पातळ असतं, गादीच्या शिवणीवर उसवतं. माझ्याकडे तशा गाद्या दुरुस्तीला येतात. हौसच असेल तर आतून जाड मांजरपाट लावून घ्या. आता पडदे. चुणीसाठी खिडकीच्या दुप्पट रुंदी धरायची. ४४ इंची पन्ह्याचे (म्हणजे कापडाच्या रुंदीचे) तीन पाट, दुमड धरून प्रत्येकी आठ फूट, म्हणजे एका खिडकीला साधारण साडेसात मीटर. दोन्हींना पंधरा. मोठी नक्षी असेल तर जोड जुळवायला आणखी लागतं. कापड आधी भिजवून वाळवा, सुती आटतं.

नाशिकची_मावशी:
खण लावा! आपल्या मातीतला. माझ्या भाचीने लावलाय, येणारा प्रत्येकजण विचारतो.

खत्रूड:
मावशी, खण जिथे विणतात ते गुळेदगुड्ड कर्नाटकात आहे.

नाशिकची_मावशी:
मग काय झालं? चोळ्या आमच्याच आजीने घातल्या ना?

सुईदोरा:
खणाचा पन्हा अरुंद. पडद्याला जोडच जोड येतील. कुशनला उत्तम.

बोका_पाळणारा:
घरात मांजर आहे का? असेल तर विषयच संपला.

सोलापूरचा_जावई:
एवढा विचार कशाला? सोलापुरी चादर टाका. नक्षी विणलेली, छापलेली नाही, त्यामुळे उलटी टाकली तरी चालते. मळली की मशिनला.

आरामखुर्ची:
खाली फरशी नक्षीची, वर सोफा नक्षीचा, शेजारी पडदे नक्षीचे. पाहुण्यांना चक्कर येईल. एकरंगी पडदे घ्या.

पश्चिमेची_खिडकी:
चक्कर येणार नाही, फक्त आकार वेगळे ठेवा. फरशीची नक्षी लहान आणि चौकोनी असेल तर पडद्यावर मोठी वेल, सोफ्यावर बारीक बुट्टी. एखादा रंग तिन्हीकडे सारखा हवा. आणि अस्तर लावाच. पश्चिमेच्या उन्हाने आमचा निळा पडदा घडीच्या रेषांवर पांढरट पडलाय.

गोगलगाय:
कापड आधी धुऊन घ्या, आटतं.

सुईदोरा:
:)

एनआरआय_सुनबाई:
इथे न्यू जर्सीत तयार पडदे मिळतात, लांबी मात्र आपल्या खिडक्यांना बसत नाही. खत्रूड, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा ना.

मृण्मयी_कोथरूड:
मंडळी, आभार. रविवार पेठेत कापडगंजला जाऊन आले. अजरख हातात घेतलं, पातळच वाटलं, ठेवून दिलं. मग हळदीच्या रंगावर तळहाताएवढी लाल फुलं असलेलं जाड कापड दिसलं. गाद्या आणि पडदे दोन्ही त्याचेच घेतले. सगळं मिळून तेरा हजार चारशे. नवरा म्हणतो लग्नाचा मांडव वाटतोय. मला हेच हवं होतं.

आरामखुर्ची:
फरशी, सोफा, पडदे, सगळीकडे फुलं?

मृण्मयी_कोथरूड:
फरशीवर चांदण्या आहेत.

पश्चिमेची_खिडकी:
अस्तर लावलं ना?

मृण्मयी_कोथरूड:
नाही. त्या पैशात उशांचे अभ्रे शिवले.

बोका_पाळणारा:
जाड म्हणजे किती जाड? नखं अडकतात का ते सांगा, आमच्याकडेही एक सोफा उघडा पडलाय.