पिल्लांची बोटं वळलीत, माशांना बाक आलाय. एकच व्हिटॅमिन दोघांना चालेल का?

नवखा_पाळक:
लेयरची (अंड्यांच्या कोंबड्यांची) पिल्लं १५ दिवसांची आहेत. सात-आठ पिल्लं घोट्यावर बसून सरकतात, पायाची बोटं आत मुठीसारखी वळलीत. खातात-पितात मात्र व्यवस्थित. खाद्य घरीच करतो: मका, सोयापेंड, मीठ, कॅल्शियम. शेजारच्या तळ्यात कार्प माशांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आहेत, त्यातल्या काहींची पाठ वाकडी दिसते. दुकानदार म्हणतो, एकच लिक्विड मल्टीव्हिटॅमिन दोन्हीकडे पाण्यात टाका. टाकू का?

खुडूक_कोंबडी:
पिल्लांचं वर्णन व्हिटॅमिन बी-२च्या, म्हणजे रायबोफ्लेविनच्या कमतरतेचं वाटतंय. पिल्लाला किलोभर खाद्यामागे साधारण ३.६ मिलिग्रॅम लागतं, नुसत्या मक्यात त्याच्या निम्मंही नसतं. तुमच्या यादीत प्रीमिक्सच (व्हिटॅमिन-खनिजांचं तयार मिश्रण) नाही, घोळ तिथेच आहे.
एक पाय पुढे नि एक मागे असं पसरून पडत असतील तर मरेक्सचा (कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) संशय घ्या. तो सहसा एवढ्या लहान वयात दिसत नाही, तरी एक पिल्लू डॉक्टरांना दाखवाच. बी-२ पाण्यातून लगेच सुरू केलं तर नुकती वळलेली बोटं सुटतात. जुनी झाली असतील तर नस गेलेली असते, मग आशा कमी.

तळ्याकाठी:
तळ्यात ओतू नका हो! एवढ्या पाण्यात ती बाटली कुठल्या कुठे जाईल, माशाच्या पोटात काहीच पोचणार नाही. ते खाद्यातूनच द्यायचं: गोळी खाद्यावर थोड्या तेलात किंवा बाइंडरमध्ये (चिकटवणारा पदार्थ) कालवून चोळा, सावलीत सुकवा आणि थोडं थोडं टाका.
दुसरं म्हणजे दोघांची गरजच वेगळी. कोंबडी व्हिटॅमिन सी स्वतःच्या मूत्रपिंडात बनवते, बहुतेक माशांना ते जमत नाही. सी कमी पडलं की पाठीला बाक, कल्ल्यांची झाकणं आखूड, जखमा भरायला उशीर. साधं सी खाद्य साठवतानाच उडून जातं, म्हणून फॉस्फेट जोडलेलं, टिकाऊ रूप मागा. वाकलेली पाठ मात्र सरळ होणार नाही, पुढची बोटुकली वाचतील एवढंच. आणि बाक नेहमी सीमुळेच येतो असं नाही, बीजातला (विकत आणलेल्या माशांच्या पिल्लांतला) दोषही असू शकतो. बीज कुठून आणलं?

नवखा_पाळक:
बीज दरवेळच्याच ठिकाणचं. खाद्याच्या पोत्या पत्र्याखाली आहेत, दोनेक महिने झाले. पिल्लांना कॉक्सीसाठी (आतड्यातल्या परजीवीचा रोग) पाण्यातून एम्प्रोलियम हे औषध चालू आहे, कालपासून.

खुडूक_कोंबडी:
हे आधी सांगायचं ना! एम्प्रोलियम बी-१ची जागा अडवूनच कॉक्सीला उपाशी मारतं. त्यात बी-कॉम्प्लेक्स ओतलं तर औषधाचाच जोर जातो. डॉक्टरांना विचारा, फक्त रायबोफ्लेविन देता येतं का. मल्टीव्हिटॅमिन द्यायचं ते हा कोर्स संपल्यावर.
(बी-१वरून आठवलं: डच डॉक्टर आइकमन जावात बेरीबेरीचा (बी-१च्या कमतरतेचा रोग) शोध घेत होते, तेव्हा पॉलिश केलेल्या तांदळावरच्या कोंबड्या लुळ्या पडल्या. त्याच वाटेने १९२९चं नोबेल आलं. आपल्या कोंबड्यांनीच जगाला व्हिटॅमिन शिकवलं म्हणायचं.)

पिसारा:
पत्र्याखाली दोन महिने म्हणजे व्हिटॅमिनांचं बरंचसं गेलं असणार. आणि प्रीमिक्स आणलंत तर कोलीन क्लोराइड (खाद्यात वेगळं घालायचं एक पोषकद्रव्य) त्यात मिसळून ठेवू नका. ते ओल ओढतं आणि बाकीच्यांना खातं. आठवड्याला लागेल तेवढंच मिसळा. माझ्याकडे एकदा खवट तेलामुळे खाद्यातलं व्हिटॅमिन ई गेलं होतं. पिल्लं मान मागे टाकून गोल फिरायची, बघवत नव्हतं.
‘जास्त दिलं तर काय बिघडतं’ असं ए आणि डीबाबत म्हणू नका, ती शरीरात साठतात.

नवखा_पाळक:
डॉक्टर येऊन गेले. कॉक्सीचा कोर्स पुरा करायला सांगितला, बी-२ वेगळं दिलं. तीन दिवसांत पाच पिल्लं उभी राहिली, दोघांची बोटं तशीच आहेत. तळ्यातून वाकडे वेगळे काढले. पत्र्याखालची पोती आता आतल्या गार खोलीत, फळीवर ठेवलीत. तळ्याकाठी, तेलात कालवलेलं खाद्य एका दिवसाचंच करायचं का? उरलं तर दुसऱ्या दिवशी चालेल?

तळ्याकाठी:
रोजचं रोज. उरलंच तर पुढच्या वेळी कमी कालवा.