अनुभव धागा : गौरी-गणपतीत घरी झालेल्या फजित्या

माजघर

श्रावण संपत आला की आमच्याकडे दोन याद्या निघतात. एक वाण्याची, दुसरी "यंदा कोण कोण येणार" याची. दुसरी वाढत गेली की पहिली फाडून नवी लिहावी लागते. तीस माणसं, दोन न्हाणीघरं, एक मोदकपात्र आणि प्रत्येकाला आपलीच पद्धत बरोबर असल्याची खात्री. फजिती व्हायला आणखी काय लागतं?

तर घर माणसांनी भरलेलं असताना तुमच्याकडे काय काय घडलं ते इथे सांगा. विनंत्या दोनच. शुभंकरोतीतले 'दीपक जोशी' आणि आरतीतली 'फळीवर वंदना' आता निवृत्त झालेत, त्यांना उठवू नका. आणि कुणाच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य चालतो, कुणाच्या नाही, यावर भांडण नको. ज्याची त्याची गौर.

सुरुवात मीच करते. साल 2012, घर साताऱ्याचं. आमचे थोरले काका अमेरिकेत, इंजिनिअर, हिशेबाला पक्के. आदल्या वर्षी गणपती 1 सप्टेंबरला होते. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येते, म्हणजे यंदा 21 ऑगस्टच्या आसपास. खात्री करायला त्यांनी पंचांग उघडलं, तर भाद्रपद शुद्ध चतुर्थी बरोब्बर तिथेच! मग काय, कुणाला न सांगता तिकीट काढलं. 20 ऑगस्टच्या संध्याकाळी दोन मोठ्या बॅगा आणि दिव्यांच्या सहा माळा घेऊन काका दारात हजर. आजी पडवीत शेंगा फोडत होती.

"अगं, तयारी कुठाय? उद्या गणपती ना?"

आजीने चष्म्यावरून पाहिलं. "उद्या अधिकातली चतुर्थी. गणपती पुढच्या महिन्यात." आणि मग शेंगा फोडत फोडतच म्हणाली, "अधिकात जावई येतात रे अनारसे खायला. तू कसा आलास?"

त्या वर्षी अधिक भाद्रपद होता, गणपती 19 सप्टेंबरला. काकांचं परतीचं तिकीट 9 सप्टेंबरचं. मधे संकष्टी आली, तेव्हा आजीने मोदक केले आणि काकांकडून आरती म्हणवून घेतली. माळा मात्र त्यांनी स्वतः लावून दिल्या. महिनाभर आधीच लागलेल्या त्या माळा बघून गल्लीतले लोक घरात कुणाचं लग्न आहे म्हणून विचारायचे.

खडीसाखर

आमच्या खड्याच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे. ठाण्यात पाणवठा कुठला? सोसायटीच्या मागे माळ्याचा नळ आहे, गेली अकरा वर्षं आम्ही त्यालाच नदी मानतो. खडे ताम्हनात, तोंडात पाण्याची चूळ, वाटेत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. मागून धाकटी जाऊ घंटा वाजवत येते. दारात सासूबाई पायांवर दूध-पाणी घालतात आणि विचारतात, "गौर कशाच्या पावलांनी आली?" तोंड भरलेलं असल्यामुळे उत्तर जाऊबाई देतात, "सोन्याच्या पावलांनी."

गेल्या वर्षी मी पुढे निघाले. जावेचा मुलगा लिफ्टची बटणं दाबत बसला आणि ती त्याला ओढून काढायला थांबली. मला हे कळायला मार्ग नव्हता, कारण मागे बघायची बंदी! तिसऱ्या मजल्यावर आले तर आमच्या दारात गॅसवाला. खांद्यावर सिलिंडर, हातात मोबाईल.

"ताई, कोड?"

कोड सकाळीच माझ्या फोनवर आला होता, तोंडपाठ होता. पण तोंडच बंद. मी "म्म्म" केलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "बोलता येत नाय का? असू द्या, असू द्या. बोटांनी सांगा." मी ताम्हन डाव्या हातावर तोललं आणि उजव्या हाताने आकडे दाखवायला लागले.

एवढ्यात दार उघडलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. त्या खाली मान घालून तांब्या घेऊन आल्या आणि समोर जे पाय दिसले ते धुतले. ते बुटातले होते.

"गौर कशाच्या पावलांनी आली?"

"गौर नाय आजी, गॅस हाय. खांद्यावरनं आलाय."

माझ्या तोंडातलं पाणी कुठे गेलं ते विचारू नका. सिलिंडर मात्र त्या दिवशी शुद्ध होऊन आत आला.

हळदीचं पान

आई गं! मी ऑफिसात वाचतेय, शेजारचे बघायला लागले. कोडचं पुढे काय झालं पण?

पाटावरचा

आमचा गाव मालवणाजवळ. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. चतुर्थीच्या कितीतरी आधी घरचा पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर घडलेली मूर्ती डोक्यावरून घरी आणायची. म्हणजे मूर्ती दर वर्षी नवी, पाट मात्र पणजोबांचा. पाट ही आमची सही.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. मुंबईचे चुलतभाऊ रात्रभर गाडीत उभे राहून पहाटे कुडाळला उतरले. उत्साह एवढा, की आंघोळ करून थेट शाळेत. पाटाला आडनावाची चिठ्ठी होती, ती वाचून गणपती उचलला. आता आमच्या वाडीत अकरा घरं, अकराही एकाच आडनावाची. त्यात पाऊस, म्हणून मूर्ती प्लॅस्टिकने झाकलेली. भटजींना त्या दिवशी पंचवीस घरं करायची. आले, प्राणप्रतिष्ठा केली, दक्षिणा घेतली, गेले. आरती झाली आणि आजोबा नमस्काराला वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले. आम्हाला वाटलं कंबर धरली.

"ह्यो पाट आमचो नाय."

आमच्या पाटाच्या कोपऱ्यात समईने जळलेला डाग आहे. तो नव्हता. तेवढ्यात खालच्या घरातून माणूस धावत आला, कारण तो डाग त्यांच्याकडे सापडला होता. आता प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेआधी जागची हलवत नाहीत. मग? पाच दिवस आम्ही नैवेद्याचं ताट घेऊन त्यांच्याकडे आणि ते आमच्याकडे. रस्त्यात ताटं एकमेकांना भेटायची. करंज्यांची तुलना व्हायची, ती वेगळीच. आमची आजी त्यांच्या गणपतीला काही बोलली नाही, पण उंदीर फार रोड आहे असं रोज म्हणायची आणि त्याच्यापुढे एक जादा मोदक ठेवायची. विसर्जनाला दोन्ही गणपती बरोबर निघाले आणि पाट व्हाळात धुऊन अदलाबदल झाले. पुढच्या वर्षी आजोबांनी पाटाच्या खालच्या बाजूला ऑइलपेंटने आख्खं नाव घातलं, वडिलांच्या नावासकट.

फोंडेकर माहेरवाशीण

आमच्या माटोळीची फजिती दर वर्षीचीच. देवाच्या डोक्यावर लाकडी चौकट, तिला नारळ, सुपाऱ्यांचे घड, तवशी, अंबाडे, केळी आणि रानातलं काय काय बांधलेलं. बांधतो तो भावोजी, आणि त्याची गाठ सुटणार हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून आरतीला पुढे कोण उभं राहणार यावर दर वर्षी "तू हो पुढे, तू हो पुढे" चालतं. परक्या माणसाला वाटतं, काय ही नम्रता!

काळी माती

परभणीकडचं सांगतो. 2006 च्या सुमारास भारनियमन असं होतं, की वीज आली तर लोक दचकायचे. आमच्या मुखवट्याच्या गौरी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या करून, भरजरी साड्या नेसवून बैठकीच्या खोलीत बसवतात.

मामा शेवटच्या एसटीने यायचे होते. आले तेव्हा रात्रीचे साडेबारा, लाइट नाही, सगळे गच्चीवर झोपलेले. दार लोटून आत आले तर अंधुक समईत दोन बायका उभ्या. मामा बिचारे ओशाळले. "अहो, तुम्ही कशाला जागलात? मी खाऊन आलोय," असं म्हणून हातातली पिशवी धाकटीच्या हातात दिली. हात कुठले तिला? पिशवी पडली आणि आतली सीताफळं घरभर. मामांनी गौरीचीच माफी मागितली आणि अंधारात रांगत फळं गोळा करायला लागले. आवाजाने माझी आई खाली आली, तर भाऊ गौरींपुढे लोटांगण घातलेला. ती भरल्या गळ्याने म्हणाली, "किती रे तुझी भक्ती!"

मामांनी खरं काय ते पहाटेपर्यंत सांगितलं नाही.

सोवळं पातेलं

2020, पुणे. मार्चमध्ये आठ दिवसांसाठी आलेले सासू-सासरे आणि नणंदेचं कुटुंब ऑगस्टपर्यंत आमच्याकडेच. दोन बेडरूममध्ये नऊ माणसं. नदीवरचे घाट विसर्जनाला बंद, म्हणून घरातच. आमची मूर्ती प्लास्टरची. ती साध्या पाण्यात विरघळत नाही, त्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट घालतात. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही युक्ती दिली आणि महापालिका ती पावडर वाटते. खाली चुन्यासारखा साका बसतो आणि वरचं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. सगळं उत्तम. एक गोष्ट सोडून, ती म्हणजे वास.

बाल्कनीत पाऊस येत होता, म्हणून नवऱ्याने मूर्ती असलेली बादली झाकण लावून आतल्या खोलीच्या पलंगाखाली ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही. पहाटे सगळं घर नाकाला पदर लावून उठलं. अमोनियाचा वास कसा असतो ते लहान मुलं असलेल्या घराला सांगायला नको. पहिला संशय नणंदेच्या तीन वर्षांच्या लेकावर. त्याची चादर धुतली. मग पाच वर्षांच्या माझ्या मुलीवर. ती मोठमोठ्याने रडली. तिची गादी उन्हात टाकली, ऊन नव्हतं तरी. वास जाईना. शेवटी सगळे अगदी अदबीने सासऱ्यांकडे बघायला लागले. कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी फक्त हळूच विचारलं, "अहो, डॉक्टरांना फोन लावायचा का?"

सासरे ताडकन उठले, वासाचा माग काढत पलंगाखाली शिरले आणि बादली बाहेर ओढून गर्जले, "हा तुमचा बाप्पा!"

त्यानंतर आमच्याकडे शाडूची मूर्ती येते. पर्यावरणाचं कारण आम्ही लोकांना सांगतो.

कळ्या पाडणारी

आमच्या घरची जुनी पद्धत : नैवेद्याच्या एकवीस मोदकांत एक मिठाचा. दिसायला अगदी बाकीच्यांसारखा. ज्याच्या पानात येतो त्याची थोडी चेष्टा, बस्स. लग्नानंतरचे पहिले गणपती, नवरा सासुरवाडीला पहिल्यांदाच पंगतीत. तो नागपूरचा, उकडीचे मोदक घरी कधी केलेले नाहीत. मिठाचा नेमका त्याच्या पानात. आम्ही सगळे एकमेकांचे चेहरे बघत होतो, कोण तोंड वाकडं करतंय म्हणून. हा शांतपणे खात होता. आईने विचारलं, "कसे झालेत?"

"छान. जरा वेगळे आहेत."

त्याला वाटलं, आपल्या सासरी मोदक असेच असतात. म्हणून आईने आणखी दोन वाढायला घेतल्यावर त्याने पान झाकलं आणि मधुमेह आनुवंशिक असल्याचं सांगितलं. मिठाचा मोदक कुणाला गेला हे काही उलगडेना. आत्याने तर नैवेद्याचं ताट लावताना मोजणीच चुकली म्हणून आईशी वाद घातला, तो चार वर्षं पुरला. आणि चारही वर्षं जावयाला मधुमेहाची भीती म्हणून आई त्याच्यासाठी दुधीची भाजी वेगळी करत राहिली. बाहेर कसं आलं म्हणाल, तर आमच्या मुलीने बारशानंतरच्या गणपतीत पहिला मोदक चाखला. तेव्हा हा घाबरून ओरडला, "अगं, तिला मीठ नको देऊस इतक्यात!"

हळदीचं पान

चार वर्षं दुधी! या माणसाचा सत्कार करा. पण खडीसाखर, कोडचं राहिलं की.

खडीसाखर

अगं, कोड चार आकडी असतो आणि त्यातला पहिला आकडा सात. एका हातात ताम्हन. मी आधी पाच बोटं दाखवली, मग दोन. त्याने लिहिलं पाच, दोन. पुढचे दोन आकडे नीट गेले, शेवटी शून्य म्हणून मी मूठ आवळून दाखवली, तर तो दोन पावलं मागे सरला. "ताई, चिडू नका, मी थांबतो," म्हणाला. थांबला, बूट काढून आत बसला. सासूबाईंनी त्याला घावन-घाटलं वाढलं. कोड मी नंतर तोंडाने सांगितला, तेव्हा तो हात जोडून गौरीकडेच बघायला लागला. मला वाचा फुटली असं त्याला वाटलं.