वारांना स्वभाव असतो, आणि मंगळवार तापट आहे. पटत नसेल तर बोला

चाटी गल्ली
माझं ठाम मत आहे की वारांना माणसासारखा स्वभाव असतो. सोलापुरात तर वार पेठा करून राहायलाच आलेत. त्यातही मंगळवाराचं स्वतःशीसुद्धा पटलं नाही, म्हणून पूर्व मंगळवार पेठ वेगळी आणि पश्चिम वेगळी. दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करताना आवाज चढवतं ते याच दिवशी. सोमवार सिद्धरामेश्वराचा, भोळा पण शब्दाचा पक्का. गुरुवार शिस्तीचा, अक्कलकोटच्या एसट्या भरून जाणार आणि घरात मटणाचं नाव काढायचं नाही. शनिवार खडूस म्हातारा, तेलसुद्धा विकत आणू देत नाही. रविवार जावई, फक्त खातो. आणि बुधवार? हजेरीत नाव असतं पण चेहरा आठवत नाही, असा वर्गात एक पोरगा असतो ना, तो.

तुळजापूर नाका
काय बोलायलास बे. मंगळवारी न् शुक्रवारी आमच्या रस्त्यानं भवानीला जाणारी माणसं बघ, गाडीतून उदो उदो करत जातात. त्यांच्यात एक तापट दाखव. तुझं गिऱ्हाईक ओरडतं ते तुझे भाव ऐकून.

माळकरी
पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असून बुधवार विठ्ठलाचा वार आहे हे माहीत नाही? चेहरा आठवत नाही म्हणे! एकदा आमच्या काकांसमोर बोलून दाखवा.

गणिताचा मास्तर
वारांचा क्रम स्वभावावर नाही, भागाकारावर ठरलाय. जुन्या ज्योतिषात दिवसाच्या २४ होरा, म्हणजे तास, प्रत्येकीचा मालक एक ग्रह, आणि पहिल्या होरेचा मालक तोच त्या वाराचा. ओळ सगळ्यात मंद ग्रहापासून लावायची: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. २४ ला ७ नं भागलं की बाकी ३ उरते, म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा ओळीत तीन घरं पुढच्या ग्रहाची. शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. करून बघा, सगळा आठवडा निघतो. आणि हे वार तरी किती जुने? आपल्याकडं वार कोरलेल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक मध्य प्रदेशातल्या एरणला आहे, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. ४८४ चा. त्यात गुरुवार आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक तिथी आणि नक्षत्रावर जगत होते. तेव्हा भांडणं होत नव्हती?

चाटी गल्ली
सर, मालक ठरला म्हणजे स्वभाव आलाच की. शनी एका राशीत अडीच वर्षं काढतो. असल्या मालकाचा दिवस चटपटीत कसा असेल?

जुनी मिल
सोमवार भोळा म्हणालास. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं ती तारीख १२ जानेवारी १९३१. वार सोमवार. त्या वाराला काय स्वभाव चिकटवायचा?

अक्कलकोट तालुका
मी मधला. आमच्याकडं लिंगायत घरांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तो बसवण्णांचा दिवस. बैल वार ओळखतो असं मी म्हणणार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या एका दिवशी औत थांबलं की त्या दिवसाला निवांतपणा येतो, गावाचा आवाजच बदलतो. म्हणजे वार पाळला तर स्वभाव. आता ट्रॅक्टर सोमवारीही चालतो, त्याला अजून कुणी देव नेमून दिलेला नाही.

जुनी मिल
हे पटलं. रविवारचंही तसंच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांसाठी भांडून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली, आणि रविवार खंडोबाचा हा मुद्दाही मांडला होता. तोवर गिरणीत रविवार बाकी सहांसारखाच घाम गाळायचा. जावई नंतर झाला.

विडी घरकुल
जावई तुमच्या घरी असेल, दादा. आमची आई विड्या वळायची. रविवारी कारखाना बंद, म्हणून ती आणि मावशी तेंदूची पानं भिजवून कातरत बसायच्या, सोमवारी हजार लवकर भरावेत म्हणून. मजुरी हजारावर मिळते, वारावर नाही. वर रविवार म्हणून मटण, त्याचा मसाला वाटायचा तोही त्यांनीच. बाप्यांना रविवारचा स्वभाव विचारलात तर हेच उत्तर येणार.

चाटी गल्ली
ताई, तुमचं बरोबर. पण तुमच्याच बोलण्यात रविवार बाकीच्या दिवसांपेक्षा वेगळा आहे की नाही? मी तेवढंच म्हणतोय.

विडी घरकुल
वेगळा आहे, जास्त कामाचा. मग जावई नका म्हणू, सासू म्हणा.

जुळे सोलापूर
तुम्ही सगळे कुठल्या सोलापुरात राहता? आमच्याकडं दोनच वार, पाण्याचा आणि बिनपाण्याचा. चार दिवसांआड म्हणजे पाचव्या दिवशी. आज सोमवारी आलं तर पुढं शनिवार, गुरुवार, मंगळवार, रविवार, शुक्रवार, बुधवार, आणि ३५ दिवसांनी परत सोमवार. मास्तर, तुमच्या ग्रहांपेक्षा ही ओळ आम्हाला जास्त पाठ आहे. पाणी आलं की तुमचा बिनचेहऱ्याचा बुधवारसुद्धा पहाटे तीनला अख्खी गल्ली उठवतो. आणि कोरड्या रविवारी पाहुणे आले तर आम्ही जावयालाही ओळखत नाही.

चाटी गल्ली
मग पाण्याच्या दिवसाला स्वभाव आहे, एवढं तरी मान्य कर.

जुळे सोलापूर
आहे की. लहरी. काल यायचा होता, अजून आलेला नाही. मोटारीला पाइप जोडून बसलोय, म्हणून तर एवढं लिहायला वेळ मिळाला.