लुमेनच्या आधी झोताचा कोन बघा
अंदमानात हॅवलॉकला पाण्याखाली व्हिडिओ काढायला ॲक्शन कॅमेऱ्यासोबत छोटा लाइट हवाय, १००० लुमेन (लाइटच्या एकूण उजेडाचं माप) पुरतील का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते आधी झोत किती पसरतो ते बघा. डायव्हिंगचा साधा टॉर्च कपारीत डोकवायला उत्तम, पण झोत अरुंद. व्हिडिओत मधोमध पांढरा गोळा दिसतो आणि बाजूला नुसतं निळं. व्हिडिओसाठी १०० अंशांपेक्षा जास्त पसरणारा, मध्ये ठिपका न पडणारा लाइट हवा. झोत पसरला की उजेड विरळ होतो, म्हणून १००० लुमेन फक्त जवळच्या कोळंबी, खेकड्यांपुरते. प्रवाळाच्या मोठ्या फ्रेमसाठी २५०० च्या आसपास घ्या. तरी दिवसा मीटरभरापलीकडे फार अपेक्षा नको: पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, तेही प्रकाश जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा. लेन्सवर लाल फिल्टर असेल तर लाइट लावताना काढा, नाहीतर जवळचं सगळं तांबडं येतं.

आणि कृपया लाइट कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवू नका! पाण्यातला कणन् कण उजळतो. मालवणच्या गढूळ पाण्यात तर मासा दिसतच नाही, नुसते पांढरे ठिपके. छोटा ट्रे (कॅमेरा बसवायची पट्टी) आणि एक आर्म (लाइट धरणारा दांडा) घ्या, लाइट बाजूला नेऊन किंचित बाहेर वळवा.

बॅटरी सुटी निघणारी बरी. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेतच ठेवाव्या लागतात. बॅटरी बदलली की ओ-रिंगवर (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कडीवर) केस किंवा वाळू अडकली नाही ना, हे झाकण लावण्याआधी नीट उजेडात बघा.